थ्रीडी पेन घेण्याआधी

थ्रीडी पेन म्हणजे स्वस्तातला थ्रीडी प्रिंटर, अशा समजुतीनं तो घेऊ नका. बंगळूरमध्ये मुलांच्या वाढदिवसाला हल्ली हा पेन हमखास भेट येतो आणि थोड्याच दिवसांत माळ्यावर जातो. आमच्या घरी दोन्ही आहेत, दोन्ही वापरात आहेत, म्हणून कळकळीनं सांगते.

दोघांचं काम वरवर सारखंच. बहुतेकांत १.७५ मिलिमीटर जाडीची प्लास्टिकची तार जाते, तापून वितळते आणि टोकातून बाहेर येते. पण प्रिंटरचं टोक मोटरी हलवतात, साधारण ०.२ मिलिमीटरचा एकेक थर मापात बसवतात. पेनाचं टोक तुमचा हात हलवतो. पंख्याच्या रेग्युलेटरचं बटण तुटलं तेव्हा हा फरक नीट दिसला. आतला दांडा एका बाजूनं सपाट असतो. पेनानं केलेलं बटण दिसायला झकास, पण दांड्यावर नुसतंच गरगर फिरायचं. मग व्हर्नियरनं माप घेतलं, भोक किंचित सैल धरलं आणि प्रिंटरवर काढलं. ते गच्च बसलं. जिथं माप हवं किंवा एकसारखे दहा नग हवेत, तिथं पेनाच्या वाटेला जाऊ नये.

पण पेनाची गंमत प्रिंटरला नाही. कॉम्प्युटरवर आराखडा करायला नको, तासन्‌तास वाट बघायला नको. मेंदीचा कोन ज्याला धरता येतो, त्याचा हात लवकर बसतो. फक्त कोनात दाब आपला असतो, इथं मोटर ढकलते, म्हणून सगळा खेळ हात किती वेगानं सरकतो यावर. रेघ हवेत उभी करायची तर टोक क्षणभर थांबवून प्लास्टिक थिजू द्यावं लागतं. मुलांना हे आपसूक जमतं.

मुळात पेन जन्मला तोच प्रिंटरची उणीव भरायला. अमेरिकेत मॅक्सवेल बोग आणि पीटर डिलवर्थ यांच्या प्रिंटरनं छपाईत एक रेघ गाळली. टोक हातात घेऊन ती भरता आली तर, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यातून थ्रीडूडलर आला. २०१३ साली किकस्टार्टरवर त्यासाठी लोकांनी तेवीस लाख डॉलरहून जास्त पैसे दिले. माझाही पेन सर्वांत जास्त याच कामाला येतो: छापलेले दोन तुकडे त्याच जातीच्या प्लास्टिकनं सांधायला, भेग बुजवायला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. माझ्या भाच्याला मिळालेल्या पेनावर ‘मुलांसाठी’ असं ठळक छापलं होतं, टोक किती तापतं ते कुठंच नव्हतं. पोराच्या बोटाला चांगलाच चटका बसला. पीएलए जातीच्या प्लास्टिकच्या तारेला २०० अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता लागते, एबीएसला त्याहून जास्त, शिवाय त्याचा धूर उग्र. लहानांसाठी पीसीएल तारेचे कमी तापाचे पेन वेगळे मिळतात, तेच घ्या. त्यांत पीएलए घालू नका. ती वितळत नाही, पेन तुंबतो. भाजलंच तर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा, टूथपेस्ट लावू नका, कातडीला चिकटलेलं प्लास्टिक ओढू नका.

बंगळूरच्या एसपी रोडवर तार घ्यायला गेलात तर जात आणि तापमान लिहिलेली सीलबंद रीळच मागा. सुटी गुंडाळी स्वस्त वाटते, पण पीएलएच्या एक किलो रिळात सुमारे ३३० मीटर तार असते, म्हणजे पाच मीटरची गुंडाळी जेमतेम पंधरा ग्रॅम. त्या हिशेबानं भाव ताडून बघा. इथल्या पावसाळी हवेत उघडी तार ओल धरते, मग टोकातून चटचट आवाज येतो आणि रेघ फुगते. झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. पेन बंद करण्यापूर्वी उलटं बटण दाबून तार बाहेर काढा. आत थिजली तर पुन्हा निघायला फार त्रास देते.