आरोपीचा वकील

मुलांनो, जळगावच्या न्यायालयातून पुढे आलेले उज्ज्वल निकम यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबई हल्ल्याच्या खटल्यात ते सरकारी वकील होते. हल्लेखोर अजमल कसाब याचे वकीलपत्र, म्हणजे उर्दूतील वकालतनामा, घ्यायला कोणी पुढे येईना. ‘अशा माणसाला वकील कशाला?’ असे लोक विचारत. पण राज्यघटनेच्या 22 व्या कलमाने आरोपीला वकिलाचा हक्क दिला आहे. म्हणून न्यायालयानेच वकील नेमला.

याच खटल्यात फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद हे दोन भारतीय आरोपी होते. हल्ल्यासाठी नकाशा पुरवला, असा त्यांच्यावर आरोप होता. तो नकाशा एका मृत हल्लेखोराच्या खिशात सापडला, असे पोलीस सांगत. त्याचे कपडे रक्ताने भिजले होते. नकाशा मात्र स्वच्छ! असे प्रश्न बचावाच्या वकिलाने विचारायचे असतात.

3 मे 2010 रोजी न्यायालयाने कसाबला दोषी ठरवले. त्या दोघांविरुद्धचा पुरावा विश्वसनीय नाही, म्हणून त्यांना निर्दोष सोडले. सर्वोच्च न्यायालयानेही 2012 मध्ये तोच निर्णय कायम केला.

फहीमचे वकील शाहिद आझमी हा निकाल ऐकायला नव्हते. 11 फेब्रुवारी 2010 रोजी कुर्ल्यातील त्यांच्या कार्यालयात गोळ्या झाडून त्यांचा खून झाला होता. ते 32 वर्षांचे होते.