वजन ताटात, दम पायात

बाळा, जिमची वर्षाची फी भरलीस, छान केलंस. पण तिथे तासभर घाम गाळून येताना नाक्यावर वडापाव खातोस, हेही मला कळलंय. आयुष्यभर शाळेत पीटी शिकवली, म्हणून हक्काने सांगतो. वजन उतरतं ते ताटामुळे आणि दम वाढतो तो व्यायामामुळे. ही दोन खाती वेगळी ठेव. एकातली उधारी दुसऱ्यातून फिटत नाही.

हिशोबच बघ ना. एका वडापावात साधारण 300 कॅलरी. सत्तर किलोचा माणूस एक किलोमीटर चालला, तर जेमतेम 50 खर्च होतात. म्हणजे खायला पाच मिनिटं आणि जिरवायला सहा किलोमीटर.

आपलं आगऱ्यांचं जेवण कष्टाच्या अंगाला बेतलेलं. तांदळाची भाकरी, त्यावर भात, सोबत मासळीचं कालवण. भातलावणी करणाऱ्याला, मिठागरात राबणाऱ्याला तेही कमीच पडायचं. 1970 मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको आली, 95 गावांच्या जमिनी संपादनात आल्या. पुढे साडेबारा टक्क्यांचे भूखंड मिळाले, त्यांवर इमारती उठल्या. शेतातलं काम सुटलं, जेवण मात्र तेवढंच राहिलं. तू तर दिवसभर ऐरोलीला खुर्चीत बसतोस. तेव्हा हे थोडं लक्षात ठेव.

भाकरी की भात, एका वेळी एकच घे. भात वाईट नाही, त्याचा डोंगर वाईट. ताटातली मोकळी झालेली जागा कालवणातल्या माशाने, वालाने, पालेभाजीने, काकडी-मुळ्याने भर.

मासळी कालवणात खा, तळलेली कधीतरी. रवा लावलेले बोंबील तेल पितात, आणि मोठा चमचाभर तेल म्हणजे 120 कॅलरी. सुकट, करंदी यांत प्रथिनं भरपूर, पण मीठही तेवढंच. रांधण्याआधी दोन पाण्यांनी धुऊन घे.

हळदी चुकवू नकोस. लग्नसराईत गेला नाहीस, तर भावकी बोल लावेल. जा, मटण खा, नाच. फक्त थंड पेयाच्या बाटल्यांपासून लांब राहा. दुसऱ्या दिवशी उपाशी राहून भरपाई करायला जाऊ नकोस, नेहमीसारखं जेव. वर्षातल्या चार हळदींपेक्षा रोज रात्री मोबाइल बघत संपणारी फरसाणाची वाटी जास्त नडते.

दिवसातून दोनदाच जेवायचं, हे डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं सूत्र आता घरोघरी पोचलंय. ते पाळणारे निम्मंच सांगतात. त्यात 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणंही आहे. तुला झेपलं तर कर. तुझ्या बाबांना मात्र साखरेच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही जेवण वगळायचं नाही.

चाल अशी हवी, की बोलता यावं पण गाता येऊ नये. आठवड्याला 150 मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. सुरुवात नेरूळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईत कर. धारण तलावाभोवतीची वाट सपाट आहे, सकाळी खाडीवरचा वारा असतो. पाय तयार झाले, की बेलापूरच्या पारसिक हिलचा नाहीतर खारघरच्या टेकडीचा चढ घे. एप्रिल-मेमध्ये सातच्या आत घरी ये, इथला दमट उकाडा माणसाला लवकर थकवतो. पावसाळ्यात पांडवकड्याच्या धबधब्याकडे फिरकू नकोस. त्या दिवसांत इमारतीचा जिना चढ आणि खाली लिफ्टने ये, गुडघे वाचतील.

नुसतं चालून भागत नाही. आठवड्यातून दोनदा बैठका, जोर, सूर्यनमस्कार काढ. तिशीनंतर स्नायू हळूहळू झिजू लागतात. त्यात खाणं कमी केलं आणि ताकदीचा व्यायाम केला नाही, तर चरबीबरोबर स्नायूही जातात. मग काटा खाली येतो, पण पिशवी उचलून दोन जिने चढवत नाहीत. कबड्डीला आलेल्या पोरांना मी चढाईआधी बैठकाच काढायला लावायचो. जोर जमत नसेल, तर आधी भिंतीला हात टेकवून कर. आणि जेवणात अंडं, मासा, डाळ, दही यांपैकी काहीतरी असू दे, नाहीतर स्नायू बांधायचे कशातून?

वजनकाट्यावर रोज चढू नकोस. पाण्या-मिठाने तो किलोभर वर-खाली होतोच. शिंप्याची टेप आण. तुझी कंबर 90 सेंटिमीटरच्या आत, नातसुनेची 80 च्या आत असली पाहिजे. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी पुष्कळ झालं. त्याहून घाई करू नकोस. चालताना छातीत दुखलं, चक्कर आली, तर फेरी पुरी करायचा हट्ट नको. तिथेच थांब आणि डॉक्टर गाठ.

सुरुवातीला सोमवारचा मुहूर्त शोधू नकोस. आज रात्री जेवण झालं, की नातसुनेला घेऊन खाली उतर आणि पंधरा मिनिटं शतपावली कर. जेवणानंतर चाललं, की रक्तातली साखर एकदम उसळत नाही, आणि फरसाणाचा डबा उघडायची वेळही निघून जाते.