सलाईनचा हात दुखतोय म्हणाले, तर...

काय करावे

• आधी पांघरूण सारून सुईची जागा बघा, रात्री टॉर्च लावून. जागा फुगलेली, गार, फिकट असेल तर सलाईन शिरेबाहेर जातंय. लाल, गरम असेल आणि शीर दोरीसारखी लागत असेल तर शिरेलाच सूज आली आहे. दोन्हींत सलाईन बंद करून कॅन्युला काढा. नवी शक्यतो दुसऱ्या हाताला.

• नॉरअॅड्रेनॅलिन, कॅल्शियम किंवा केमोथेरपीचं औषध बाहेर गेलं तर मात्र घाईने कॅन्युला उपटू नका. ड्रिप थांबवा, त्याच कॅन्युलातून सिरिंजने निघेल तेवढं औषध मागे ओढा, मग ती काढा. हात उंच ठेवा, डॉक्टरांना बोलवा, लालीची कड पेनने आखून वेळ लिहा. शेक औषधावर ठरतो: डॉक्सोरुबिसिनला थंड, व्हिन्क्रिस्टिनला गरम. अंदाजाने देऊ नका.

• वेदनेचा ० ते १० आकडा पेशंट खोकताना, कूस बदलतानाही विचारा. ऑपरेशननंतर निपचित पडलेला माणूस ‘दोन’ म्हणतो आणि उठवलं की कळवळतो. आजींना आकडे जमत नसतील तर ‘थोडं, बरंच, की सहन होत नाही?’ एवढं पुरतं. ठणका, आग, चमक जे सांगतील ते तसंच चार्टवर उतरवा.

• शिरेतून वेदनाशामक दिल्यावर अर्ध्या तासात, गोळीनंतर तासाभराने पुन्हा विचारा. राउंडच्या गडबडीत नेमकं हेच राहतं.

काय टाळावे

• ‘सुई आहे म्हटल्यावर दुखणारच.’ हे वाक्य वॉर्डातून हद्दपार करा.

• नाडी, बीपी ठीक आहे म्हणून दुखत नसेल असं धरणं. जुन्या दुखण्यात दोन्ही नॉर्मल असू शकतात.

• बंद पडलेली लाइन जोर लावून फ्लश करणं.

• रक्त मागे आलं म्हणून निर्धास्त होणं. सूज दिसत असेल तर सुजेवर विश्वास ठेवा.

• पोटॅशियम क्लोराइड थेट पुश करणं. कधीच नाही. पातळ करून लावल्यावरही हाताची आग झाली तर जागा तपासा आणि वेग डॉक्टरांना विचारून कमी करा.

• फेनिटॉइन डेक्स्ट्रोजमध्ये मिसळणं. साका बसतो, नॉर्मल सलाईनच घ्या.

• डायलिसिसच्या फिस्टुलाच्या हाताला सुई लावणं.

• मागे पडलेली बाटली पळवून संपवणं, विशेषतः म्हाताऱ्या किंवा हृदयाच्या पेशंटला. धाप लागली तर ड्रिप अगदी मंद करा, डोकं उंच करा, डॉक्टरांना हाक मारा. आणि घरी जायची घाई असलेले नातेवाईक सलाईनचं चाक फिरवतात, तिकडेही लक्ष असू द्या.