भरून येणारी जखम फोटोत दिसते का?

प्रश्न : युद्धाचे फोटो म्हटले की धूर, ढिगारे आणि आक्रोश आठवतो. लढाई थांबल्यावर माणसं सावरतात, ते कोणी टिपतं का? आणि अशा फोटोंचा त्या माणसांना काही उपयोग होतो का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : टिपतात, आणि उपयोगही होतो. त्यासाठी फोटोत हसरा चेहरा असावाच लागतो असं मात्र नाही. बोस्नियाच्या झिया गाफिच यांच्या ज्या फोटोंना मी या बाबतीत सर्वांत वर ठेवतो, त्यांत माणूसच नाही.

गाफिच १९८० साली सारायेवोत जन्मले. शहराला वेढा पडला तेव्हा ते शाळकरी वयाचे होते. १९९२ ते १९९५ या युद्धात बोस्नियात सुमारे एक लाख माणसं गेली. जुलै १९९५ मध्ये एकट्या स्रेब्रेनिकात आठ हजारांहून अधिक पुरुष आणि मुलगे मारून सामूहिक खड्ड्यांत पुरले गेले. पुरावा लपवायला मारेकऱ्यांनी पुढे तेच खड्डे यंत्रांनी उकरून प्रेतं दुसरीकडे हलवली. त्यामुळे एकाच माणसाची हाडं दोन-तीन ठिकाणी सापडतात. घरच्यांच्या लेखी तो माणूस वर्षानुवर्षं ‘बेपत्ता’. त्याच्यासाठी रडायचं की त्याची वाट पाहायची, हेच कळत नाही.

या खड्ड्यांतून हाडांबरोबर जे निघालं, त्याचे फोटो गाफिच यांनी काढले : घड्याळ, कंगवा, चष्मा, टूथब्रश, किल्ल्या. न्यायवैद्यक तपासणीच्या टेबलावर एकेक वस्तू ठेवायची आणि सरळ वरून फोटो घ्यायचा. सावल्यांचा खेळ नाही, सजावट नाही. हा संयम मला फार मोलाचा वाटतो, कारण हे फोटो प्रदर्शनाच्या आधी एका आईसाठी आहेत. तिला ते चाळता यावेत आणि ‘हे माझ्या मुलाचं’ असं सांगता यावं, एवढाच त्यांचा हेतू.

या कामाला आधीचा एक इतिहास आहे. डीएनए तपासणी सुरू होण्यापूर्वी, १९९० च्या दशकाच्या अखेरीस, ‘फिजिशियन्स फॉर ह्यूमन राइट्स’ या संस्थेने मृतांच्या कपड्यांच्या आणि वस्तूंच्या फोटोंची पुस्तकं बनवली होती. बायका ती पानं उलटत आपल्याच हातची शिवण शोधत : गुडघ्यावर लावलेलं ठिगळ, घरी विणलेला स्वेटर, रफू केलेला मोजा. कारखान्यात शिवलेली पँट कुणाचीही असू शकते; ठिगळाचा टाका मात्र जिने घातला ती विसरत नाही. तरीही अशी ओळख फार थोड्यांची पटली. २००१ पासून नातेवाइकांच्या रक्ताचे नमुने हाडांशी जुळवले जाऊ लागले आणि चित्र पालटलं. आजवर स्रेब्रेनिकातल्या जवळपास सात हजार जणांना त्यांचं नाव परत मिळालं आहे.

आता चेहऱ्यांकडे. रवांडात १९९४ च्या नरसंहाराला वीस वर्षं झाली तेव्हा पीटर ह्यूगो यांनी मारेकरी आणि वाचलेली व्यक्ती यांना शेजारी उभं करून फोटो काढले. २०१४ मध्ये ते जगभर गाजले. मला ते पाहताना थोडं अवघडायला होतं. क्षमा ही कॅमेऱ्यासमोर मागण्याची गोष्ट आहे का, असं वाटत राहतं. पण ह्यूगो प्रामाणिक आहेत. कुठे हात खांद्यावर आहे, तर कुठे दोघांमध्ये अंतर आहे आणि नजर कोरडी. ते अंतर त्यांनी लपवलेलं नाही.

फोटोंचा उपयोग काय, या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणून मी पुन्हा बोस्नियाच दाखवीन : ओळख पटली की ‘बेपत्ता’ माणसाला निदान कबर मिळते, आणि वस्तूंचे फोटो त्या ओळखीला हातभार लावतात. त्या त्या वर्षात ज्यांची ओळख पटली त्यांचं दफन दर ११ जुलैला स्रेब्रेनिकाजवळच्या पोटोचारीच्या दफनभूमीत होतं. काही घरांना नाव कळलेलं असतं, पण हाती आलेली हाडं दोन-चारच असतात. अशा वेळी काही जण लगेच दफन करतात, तर काही आणखी अवशेष सापडतील म्हणून थांबतात. जे दफन करतात, त्यांना पुढे आणखी काही सापडलं तर कबर पुन्हा उघडावी लागते.