बाटल्यांच्या फळीसमोर उभी राहण्याआधी

अगं भाचे, गाडी घेतलीस, तीही गडद निळी. मनापासून आनंद झाला. आता रविवारी तू बाजारात जाणार, दुकानदार तुला बाटल्यांनी भरलेली फळी दाखवणार आणि तू हौसेने दोन पिशव्या भरून घरी येणार, हे मला इथे रत्नागिरीत बसून दिसतंय. हौस जरूर कर, पण आधी मामाचं थोडं ऐक.

गाडीचा रंग नुसत्या धुळीने बिघडत नाही. ती धूळ कोरडी पुसली की बिघडतो. रंगाच्या वर पारदर्शक लॅकरचा थर असतो, साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे डोक्यावरच्या केसाहूनही पातळ. गाडीची सगळी चमक त्या थरात आहे, आणि तो झिजला की कुठल्याच बाटलीतून परत येत नाही. म्हणून हातात घेतलेल्या प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारायचा: हिच्यामुळे माझं घासणं कमी होईल की वाढेल?

1. पैसे आधी कापडावर खर्च कर, मग शाम्पूवर, आणि उरले तर वॅक्सवर — भारी वॅक्स खरखरीत फडक्याने लावलं, तर त्याच्याखाली चरेच पडतात.

2. मायक्रोफायबर घेताना पाकिटावरचा जीएसएम, म्हणजे चौरस मीटरमागे किती ग्रॅम ते, बघ: पुसायला आणि वॅक्स काढायला 300 ते 400 चा, पाणी टिपायला 800 किंवा त्याहून जाड — जाड लव कचरा आत ओढून घेते, रंगावरून फरफटवत नाही.

3. कापडाची कड बोटांनी चाचपून बघ आणि शिवलेलं लेबल घरी आल्याबरोबर कापून टाक — नायलॉनचा धागा आणि लेबलचा कोपरा गडद रंगावर लगेच उमटतो.

4. रंगाला एक कापड, आतल्या भागाला दुसरं, चाकांना तिसरं, आणि तिन्ही वेगवेगळ्या रंगांची — चाकांवर ब्रेकची लोखंडी भुकटी असते, तो फडका चुकून बोनेटवर आला तर ओरखडे ठरलेले.

5. कापड जमिनीवर पडलं की त्या दिवसापुरतं ते बाद, कितीही झटकलंस तरी — वाळूचा कण डोळ्याला दिसत नाही, रंगाला मात्र लागतो.

6. ही कापडं सुती कपड्यांबरोबर धुऊ नकोस, कपडे मऊ करणारं ते सुगंधी लिक्विड टाकू नकोस, इस्त्रीही नको — सुती तंतू त्यांना चिकटतात, लिक्विडचा मेणचट थर बसून ती पाणी टिपेनाशी होतात, आणि मायक्रोफायबर शेवटी पॉलिएस्टरच, उष्णतेने आखडतं.

फडका शहाणा, तर गाडी तरुण. ही म्हण माझीच आहे, आणि मी ती भेटेल त्याला ऐकवतो.

आता तुमच्या सोसायटीत पहाटे गाड्या पुसायला येतात त्या दादांबद्दल. त्यांना अजिबात बोल लावू नकोस. मिळतात त्या पैशात, मिळतं त्या पाण्यात ते अख्ख्या विंगच्या गाड्या उजाडायच्या आत उरकतात. पण एका बादलीत आणि एका फडक्यात पहिल्या गाडीची वाळू शेवटच्या गाडीपर्यंत पोचते, आणि रोजच्या त्या गोल-गोल पुसण्यानेच उन्हात बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यागत बारीक चरे दिसायला लागतात. गडद रंगावर तर फारच. म्हणून त्यांना तुझी बादली दे, तुझी दोन कापडं दे, आणि गोडीने सांग की रोज फक्त काचा आणि आरसे पुसा, रंगाला हात आठवड्यातून एकदा आणि तोही भरपूर पाणी ओतून मगच. पैसे तेवढेच दे, एक रुपया कमी करू नकोस.

7. शाम्पू गाडीचाच घे आणि त्यावर 'पीएच न्यूट्रल' लिहिलंय का ते बघ — भांड्यांचं लिक्विड तूप-तेल काढायलाच बनवलेलं असतं, ते वॅक्सही काढून नेतं, आणि कपड्यांच्या पावडरीतला सोडा रबराला आणि उघड्या ॲल्युमिनियमला सोसत नाही.

8. शाम्पू झाकणाने मोजून घाल, बाटली उपडी करू नकोस — जास्तीचा फेस फटींमध्ये वाळून पांढऱ्या रेघा सोडतो.

9. बादल्या दोन ठेव, एकीत शाम्पू आणि दुसरीत साधं पाणी; गाडी धुवायचा हातमोजा दर वेळी आधी साध्या पाण्यात पिळून मगच फेसात बुडव — सगळी माती त्या दुसऱ्या बादलीच्या तळाशी बसलेली दिसेल, आणि ती नाहीतर कुठे गेली असती ते तुझं तुला कळेल.

10. आधी चाकं, मग टपापासून खाली — चाकांचे शिंतोडे धुतलेल्या दारांवर उडायला नकोत, आणि सगळ्यात जास्त वाळू दारांच्या खालच्या पट्टीला असते.

11. अंगठी, घड्याळ, बांगड्या, बक्कलचा पट्टा काढून ठेव आणि ओढणी घट्ट खोच — पाठीमागून टपावर वाकताना पट्ट्याचं बक्कल काय करतं, ते नंतरच दिसतं.

12. बोनेटवर तळहात ठेवून बघ. चटका बसला तर धुणं थांबव — गरम पत्र्यावर शाम्पू आणि पाणी वाळून जागच्या जागी डाग धरतात. उन्हात धुतली, डागांत न्हाली.

पाण्याबद्दल मात्र नीट बसून ऐक, कारण सामान घेताना पाण्याचा विचार कुणीच करत नाही. पुण्यात तुमच्याकडे उन्हाळ्यात बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी येतं. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. थेंब वाळला की पाणी उडून जातं आणि क्षार गोल कडं करून रंगावर बसतो. काही दिवस उन्हात भाजला की नुसत्या धुण्याने निघत नाही. पुष्कळ घरांत आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणी साठवून गाडीला वापरतात. पाणी वाचवायची कळकळ चांगलीच आहे, पण फिल्टरने गाळून वेगळे काढलेले क्षार त्याच पाण्यात जातात, म्हणजे ते नळाच्या पाण्याहून जास्त जड. ते पाणी चाकांच्या आतल्या भागाला आणि पार्किंगची फरशी धुवायला वापर. उलट, एसीच्या नळीतून थेंब-थेंब पडतं ते पाणी हवेतून निथळलेलं असतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. रात्रभर खाली बादली ठेव, सकाळी फडक्यातून गाळून घे आणि शेवटचा हात त्या पाण्याने फिरव.

13. पाणी आपोआप वाळायची वाट बघू नकोस, जाड टॉवेल पसरून अलगद टिपून घे — थेंब राहिला तर क्षार राहिला.

14. पाणीकपात असेल तर रिन्सलेस वॉशचं लिक्विड घे. बादलीभर पाण्यात झाकणभर पुरतं आणि नंतर खळखळून धुवावंही लागत नाही — त्यातले घटक धुळीच्या कणाला वेढून निसरडा करतात, पण हे धुळीसाठीच, पावसाळ्यातल्या चिखलाला आधी पाणीच हवं.

आता वॅक्स. दुकानात 3एम, टर्टल वॅक्स, वेव्हेक्स अशी नावं दिसतील, पण नाव वाचून निवडू नकोस, बाटलीच्या पाठीवरचं वाच. पुढची बाजू विकणाऱ्याची, मागची बाजू वापरणाऱ्याची.

15. पॉलिश आणि वॅक्स एक समजू नकोस — पॉलिशमध्ये बारीक घासणारे कण असतात, ते लॅकरचा थर थोडा खातात. वॅक्स त्याच्यावर नवा थर देतं. नव्या गाडीला पॉलिश किंवा रबिंग कुणी फुकट करून दिलं तरी नको म्हण.

16. कार्नौबा वॅक्स ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडाच्या पानांवरून मिळतं; झळाळी फार सुंदर, पण आपल्या उन्हात दर एक-दोन महिन्यांनी पुन्हा लावावं लागतं — तुझ्याकडे तेवढे रविवार असतील तरच ते घे.

17. तुझ्यासारखीला सिंथेटिक सीलंट बरं, किंवा धुऊन झाल्यावर फवारायचं स्प्रे वॅक्स — सीलंट चार-सहा महिने तग धरतं, आणि स्प्रे लावायला इतकं सोपं की कंटाळा येत नाही.

18. सिरॅमिक कोटिंग शोरूमवाल्याच्या घाईने घेऊ नकोस — पाणी ओघळायला आणि धुणं सोपं करायला ते छानच असतं, पण दगडाचा टवका, कुणी ओढलेली चावी किंवा क्षाराचे डाग ते थोपवत नाही, आणि खाली आधीचे चरे असतील तर ते तसेच आत बंद होतात.

19. वॅक्सआधी हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी घालून धुतलेल्या बोनेटवरून फिरव. खरखर लागली तर क्ले बार, म्हणजे चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी, वापर, तोही भरपूर ल्युब्रिकंट लावून — कोरडी क्ले चरे पाडते, आणि एकदा खाली पडलेली क्ले उचलायची ती थेट कचऱ्यातच टाकायला.

20. थर पोळीला तूप लावतेस तेवढाच पातळ ठेव, आणि काळ्या प्लास्टिकवर आधी कागदी चिकटपट्टी लाव — जाड थराने टिकाऊपणा वाढत नाही, पुसताना खांदे मात्र भरून येतात, आणि खरबरीत प्लास्टिकवर वाळलेलं वॅक्स पांढरं दिसत राहतं.

21. कधी डेंटिंग-पेंटिंग झालंच तर त्या भागाला लगेच वॅक्स नको, किती दिवस थांबायचं ते पेंटरला विचार. निदान महिनाभर तरी थांबच — गॅरेजच्या ताज्या रंगातलं सॉल्व्हंट हळूहळू बाहेर पडत असतं, ते कोंडू नये.

22. पक्ष्याची विष्ठा दिसली की ओला टिश्यू पाच-दहा मिनिटं वर ठेव आणि मग उचलून घे, घासू नकोस — तिच्यातलं आम्ल उन्हात लॅकर कोरतं, आणि आत बियांचे, वाळूचे कण असतात.

23. आंब्याला मोहोर आला की झाडाखाली गाडी लावू नकोस, सावली कितीही गोड वाटली तरी — मोहोरावरचे तुडतुडे चिकट रस टाकतात आणि त्यावर दिवसभराची धूळ बसते.

24. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात वॅक्स लाव, आणि हळद-कुंकवाचं स्वस्तिक शक्यतो काचेवर किंवा नंबर प्लेटजवळ काढ — कुंकवातला रंग आणि ओली हळद गरम पत्र्यावर डाग धरतात. पूजा साग्रसंगीत कर, पण संध्याकाळी ओल्या कापडाने अलगद टिपून घे.

25. झेंडूचा हार तारेऐवजी दोऱ्याचा घे, आणि नारळ गाडीपासून दोन पावलं बाजूला फोड — तार रंगावर घासते, आणि नारळाच्या पाण्यातली साखर चिकटून राहते.

26. डॅशबोर्डला चकचकीत करणारं तेलकट पॉलिश घेऊ नकोस, 'मॅट' लिहिलेलं घे. स्टीअरिंग, पॅडल आणि पायाखालच्या रबरी मॅटना तर काहीच नको — चकाकी समोरच्या काचेत उमटते, आणि हात-पाय घसरतात ते नेमके वळणावर.

27. स्क्रीनला आणि काचेवर फिल्म असेल तर तिला अमोनिया नसलेलंच क्लीनर वापर — अमोनियाने फिल्म धुरकट होते आणि स्क्रीनचा लेप उतरतो.

28. टायरचं काळं लिक्विड फक्त बाजूच्या भिंतीला, आणि लावून झाल्यावर जास्तीचं पुसून घे — रस्त्याला टेकणाऱ्या भागावर किंवा ब्रेकच्या चकतीवर गेलं तर पकडच जाते. इथे कुणाचं काही ऐकू नकोस.

29. पिवळे पडलेले दिवे टूथपेस्टने घासायचा सल्ला देतील, घेऊ नकोस — पिवळेपणा तेवढ्यापुरता जातो, पण पॉलीकार्बोनेटला उन्हापासून वाचवणारा उरलासुरला लेपही जातो. दिव्यांचं किट घेशील तर शेवटी लावायचं सीलर त्यात आहे का ते बघून घे.

30. अलॉय व्हीलला आम्लाचं क्लीनर नको, आणि कुठलंही क्लीनर चाकं गार झाल्यावरच, हातमोजे घालून — आम्ल अलॉयवरचा लेप आणि तुझी त्वचा, दोन्ही खातं.

31. उरलेलं कुठलंही लिक्विड पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरून ठेवू नकोस, मूळ बाटलीतच उंच फळीवर ठेव — घरात लहान मूल नसलं तरी पाहुण्यांचं येतं.

32. नवी बाटली आधी डिकीच्या झाकणाच्या आतल्या कडेला थेंबभर लावून बघ, आणि मोठी घेण्याआधी छोटी घे — न आवडलेल्या पाच लिटरच्या कॅनची जागा वर्षभर अडून राहते.

33. इंजिनवर पाण्याचा जोराचा फवारा नको, आणि गाडीखाली डिझेल मारून देतो म्हणणाऱ्याला हात जोड — कनेक्टरमध्ये पाणी शिरतं, आणि डिझेलने खालचे रबरी बुश फुगतात.

34. मे महिन्यात इकडे आंबे न्यायला येशीलच. परत गेलीस की दोन दिवसांत गाडी खालून साध्या पाण्याने धुऊन घे, चाकांच्या कमानी आणि दारांच्या खालची भोकंसुद्धा — किनाऱ्यावरचा खारा वारा आणि जांभ्याची लाल माती तिथे साठून राहते, आणि गंज लागतो तो नजर पोचत नाही तिथूनच.