'इन्साइड'चा शेवट कसा वाचावा?

एखाद्या कथेचा शेवट संदिग्ध असला म्हणजे "ज्याचा त्याचा अर्थ निराळा" असें म्हणून मोकळें होण्याची आपणांस संवय असते. परंतु संदिग्ध म्हणजे कोणताहि अर्थ चालेल असें नव्हे. उदाहरणादाखल एक व्हिडिओ गेम घेऊं. डेन्मार्कमधील प्लेडेड ह्या संस्थेनें २०१६ सालीं 'इन्साइड' प्रसिद्ध केला. त्यांत एकहि संवाद नाहीं. जें समजावयाचें तें पाहूनच समजावें लागतें. (हा खेळ लहान मुलांसाठीं नाहीं, हें पालकांनीं ध्यानांत ठेवावें.)

तांबडा सदरा घातलेला एक मुलगा माणसांच्या व कुत्र्यांच्या तावडींतून निसटत एका प्रचंड प्रयोगशाळेंत शिरतो. वाटेंत त्याला मन हरपलेलीं माणसें दिसतात. एक विशिष्ट शिरस्त्राण चढविलें कीं तीं दुरून हालवितां येतात. शेवटीं तो मनुष्यदेहांच्या एका भयंकर गोळ्यांत ओढला जातो. तो गोळा भिंती फोडून बाहेर पडतो, उतारावरून गडगडत पाण्याकांठीं येऊन निश्चल होतो. त्याजवर प्रकाशाची तिरीप पडते, आणि खेळ संपतो.

सुटका झाली, असें प्रथमदर्शनीं वाटतें. पण इमारतींतून धांवतांना एका दालनांत मांडलेली लहानशी प्रतिकृति ज्यानें पाहिली, तो चपापतो. तिच्यांत हाच उतार, हाच कांठ, वरून पडणारा हाच प्रकाश! घाईंत ती सहज नजरेआड होते. पळून जाण्याचें ठिकाण जर पकडणाऱ्यांनीं आधींच घडवून ठेविलें असेल, तर तो 'बाहेर' आला तरी कोठें? खेळाचें नांव म्हणजे 'आंत', हें अशा वेळीं आठवतें.

दुसरा एक तर्क असा कीं, तो गोळाच स्वतःच्या सुटकेसाठीं मुलाला दुरून चालवीत होता. ह्यास बळकट पुरावा आहे. जागोजाग लपविलेले चकाकणारे गोल निकामी केले म्हणजे एक गुप्त शेवट उघडतो: मुलगा तळघरांतील तार उपटतो, दिवे मालवतात, आणि तो स्वतःच त्या मन हरपलेल्या माणसांसारखा मान टाकतो. म्हणजे त्याला कोणीतरी चालवीत होतें खरें. परंतु प्रतिकृतीविषयीं हा तर्क मुका राहतो. अर्थाची पारख करावयाची ती अशी: त्यानें किती खुणांचा उलगडा होतो? मला तरी पलायनहि योजनेचाच भाग होता हा अर्थ अधिक पटतो. दोन्ही खुणा त्यांत बसतात. आणि तार उपटेपर्यंत कळ कोणाच्या हातीं होती? खेळणाऱ्याच्या! त्यानें मुलाला कोठें विचारलें होतें?

ह्या अर्थांतहि एक अडचण राहतेच. प्रयोगशाळेंतील कांहीं माणसें त्या गोळ्यास पाहून जीव घेऊन पळतात. सारें ठरलेलें होतें, तर तीं कां भ्यालीं? वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं ह्याचें उत्तर खेळांतील खुणांवरूनच शोधून पाहावें.