पाळणेवाला ओळखीचा होता

शाळेसाठी पैसे उभे करायचे असतील तर आनंदमेळा हा चांगला मार्ग आहे, हे मी आजही म्हणते. वर्गणी मागायला गेलं की तोंड चुकवणारे पालक मेळ्यात हसत हसत खिशात हात घालतात. अनुदानित मराठी शाळेला वेतनेतर अनुदान किती मिळतं आणि कधी मिळतं, हे कुठल्याही मुख्याध्यापकांना विचारून बघा. आमच्याकडे मुलींच्या स्वच्छतागृहाची दारं बदलायची होती, प्रयोगशाळेचं छत गळत होतं. तेव्हा मेळ्याला माझा विरोध नव्हता आणि नाही. तसं पसरवलं गेलं, म्हणून हे आधी सांगून टाकते.

माझा विरोध होता तो ‘ओळखीचा माणूस आहे’ या वाक्याला.

गेल्या मेळ्याच्या वेळी पालक-शिक्षक संघाची मी कोषाध्यक्ष होते. समितीत एक सदस्य आहेत, त्यांना मी इथे ओळखवाले म्हणेन. मंडपवाला त्यांच्या ओळखीचा, प्रेसवाला त्यांच्या ओळखीचा, पाळणेवाला तर अगदी घरचा. पाळणेवाल्याशी ठरलं ते असं: आकाशपाळणा, छोट्यांचं चक्र आणि हवा भरून फुगवतात तो किल्ला, ज्याला मुलं मिकीमाऊस म्हणतात. वीस रुपयांचं कुपन, त्यातले बारा त्याचे, आठ शाळेचे. हेच कुपन खाण्याच्या आणि खेळांच्या स्टॉलवरही चालणार. “हे लिहून घेऊ या,” मी म्हटलं. “ताई, जरा पतपेढीतून बाहेर या,” ओळखवाले म्हणाले आणि बैठक हसली. मी पतपेढीत कॅशवर बसते, म्हणून तो विनोद. कुपनांवर अनुक्रमांक हवेत म्हटलं, तर, “पोरांच्या मेळ्याला नंबर कशाला? लॉटरी काढायचीय का?” नंबरिंगचे पैसे वाचले म्हणून त्यांनी टाळ्या घेतल्या. माझी हरकत इतिवृत्तात आहे. सचिवबाईंच्या अक्षरात आहे, ज्यांना बघायची त्यांनी बघावी.

तारीख मात्र माझ्या हट्टाने नीट पडली. आधी ठरत होता तो रविवार दाते पंचांगात लग्नमुहूर्ताचा होता. त्या दिवशी मंडप, जनरेटर, आचारी तिन्हींचे भाव चढतात आणि निम्मे पालक कुणाच्या तरी अक्षता टाकायला गावी गेलेले असतात. साधारण डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत मुहूर्त विरळ असतात, दहावीच्या पूर्वपरीक्षेचं दडपणही अजून बसलेलं नसतं. मेळा त्यातच धरा. हा सल्ला फुकट देतेय, आमच्या समितीने त्याचं श्रेय पंचांगालाही दिलं नाही.

सकाळी पाळणेवाल्याची माणसं सामान लावत होती तेव्हा मी मैदानात फिरत होते. आमच्या मैदानाच्या अर्ध्या भागात पेव्हर ब्लॉक आहेत. तिथे खुंट्या ठोकता येत नाहीत, त्यामुळे मिकीमाऊसच्या दोऱ्या त्यांनी काय केल्या, तर वर्गातले बाक आणून त्यांच्या पायांना बांधल्या. पाचवीतला मुलगा एकटा ओढून नेतो ते बाक! एक दोरी तर नुसती विटेभोवती गुंडाळलेली. मी थांबवलं तर पाळणेवाला म्हणतो, “म्याडम, आत पोरं असली की वजन पडतंय, कुठं उडून जातंय?” २०२१ च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियात, टास्मानियातल्या डेव्हनपोर्टला, एका प्राथमिक शाळेच्या वर्षअखेरीच्या कार्यक्रमात असाच किल्ला वाऱ्याने उचलला गेला आणि सहा मुलं गेली. आत मुलं होती, तरी उडाला. शेवटी पीटीच्या सरांनी तो किल्ला मातीच्या बाजूला नेऊन लोखंडी खुंट्या ठोकून घेतल्या. त्यात तासभर गेला, आणि त्या तासाचं नुकसान ‘ताईंमुळे झालं’ अशी नोंद ओळखवाल्यांच्या डोक्यात झाली. तुम्ही एवढं लक्षात ठेवा: खुंट्या मातीत, फरशीवर असेल तर प्रत्येक दोरीला खरंखुरं वजन, वारा सुटला की मुलं बाहेर आणि हवा बंद. एकाच वेळी किती मुलं सोडायची हे पाळणेवाल्याने ठरवायचं नाही, तिथे आपला माणूस उभा हवा.

मेळा झाला, गर्दी तुडुंब झाली. संध्याकाळी स्टाफरूममध्ये टेबलांवर डबे रिकामे करून आम्ही कुपनं मोजायला बसलो. आमच्या खिडक्यांवरून विकली गेली होती चार हजार शंभर. सगळ्या डब्यांतून मिळून निघाली एकोणपन्नासशेच्या वर. पहिल्यांदा वाटलं मोजणी चुकली. परत मोजली, दुसऱ्यांकडून मोजून घेतली. मग माझ्या बोटांनाच ते आधी कळलं. नोटा मोजणाऱ्या माणसाचं असं होतं. आमची कुपनं पुस्तकातून फाडलेली, त्यामुळे एका बाजूला बारीक दाते. पाळणेवाल्याच्या डब्यातल्या गठ्ठ्यावरून अंगठा फिरवला तर काहींच्या चारही कडा सरळ, कात्रीने कापल्यासारखी. बाजूला काढून उजेडात धरली. गुलाबी रंग किंचित मळका, शाळेच्या बोधचिन्हातली पणती भरून गेलेली, जशी रंगीत झेरॉक्समध्ये जाते. खाण्याच्या स्टॉलच्या डब्यांत असं एकही कुपन नव्हतं. सगळी त्याच्याच डब्यात. आठशे कुपनांचे, प्रत्येकी बारा रुपयांनी, ९,६०० रुपये तो आमच्याकडे मागत होता.

कुणी छापली हे मी सांगू शकत नाही, आणि लिहिणारही नाही. पण पाळणेवाल्याचं उत्तर अजून कानात आहे. आवाज चढवला नाही, शपथ घेतली नाही. तंबाखू मळत म्हणाला, “पोरांनी कुठनं आणली आम्हाला काय ठावं? पोरगं कुपन घेऊन आलं, आम्ही पाळण्यात बसवलं. पाळणा फिरला का नाही?” आणि ओळखवाले, ज्यांनी एवढा वेळ खुर्ची सोडली नव्हती, ते उठून म्हणाले, “जाऊ द्या ना ताई, शाळेचं काम आहे, वाद कशाला? देऊन टाकू.” देऊन टाकू! म्हणजे स्वच्छतागृहाच्या दारांचे पैसे पाळण्याला. मी सही करत नाही म्हटल्यावर गरीब माणसाच्या पोटावर पाय देते, असं ठरलं. पैसे शेवटी दिले गेले, माझ्या सहीशिवाय. आणि पुढच्या सर्वसाधारण सभेत ‘उत्पन्न अपेक्षेपेक्षा कमी का?’ हा प्रश्न विचारला गेला तो कोषाध्यक्षांना. विचारणारे कोण, हे वेगळं सांगायला नको.

आता ज्यांच्याकडे मेळा व्हायचाय त्यांच्यासाठी. पाळणेवाल्याशी टक्केवारी करूच नका. गावोगावच्या जत्रांमध्ये ग्रामपंचायती पाळण्यांची तिकिटं मोजत बसत नाहीत, त्या जागेचं भाडं घेतात किंवा लिलाव करतात. तेच शहाणपण आहे. ठरावीक जागाभाडं आगाऊ घ्या, त्याची तिकिटं त्यालाच विकू द्या. तिकिटाचा दर आणि अपघाताची जबाबदारी मात्र कागदावर हवी. टक्केवारीच करायची असेल तर त्याच्यासाठी वेगळ्या रंगाचं कुपन, अनुक्रमांकासकट, आणि दर दोन तासांनी डबा आपण रिकामा करायचा, त्याच्यासमोर कुपन फाडून.

पैसे कुपनांच्या खिडकीवरच घ्या, स्टॉलवर रोख घेऊ देऊ नका. क्यूआर कोड शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या खात्याचाच हवा. कुणा सदस्याच्या फोनचा कोड ‘तात्पुरता’ चिकटवला की तो तात्पुरता राहत नाही. खिडकीवर साउंडबॉक्स ठेवा. गर्दीत पालक लांबून फोनचा पडदा दाखवतात, तो आजचा आहे की कालचा स्क्रीनशॉट, हे कळायला मार्ग नसतो. देणगीची पावती संस्थेच्या नावाने द्या. पालक संघाच्या नावाने वेगळं पावतीपुस्तक काढायचं असेल तर, गणपती मंडळं घेतात तशी, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी घ्या. आमच्या एका पालकांना पाच हजार रोख देऊन ८० जीची सवलत हवी होती. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती मिळत नाही, चेक किंवा ऑनलाइनच द्यावं लागतं. कुपनं विकत घेणं ही तर देणगीच नव्हे. हे त्यांना सांगितलं तर तेही माझ्यावरच रागावले.

लकी ड्रॉचा मोह आवरा. तिकीट विकून सोडत काढणं म्हणजे खासगी लॉटरी झाली. पूर्वी ते भारतीय दंड संहितेच्या २९४ अ मध्ये येत होतं, आता न्याय संहितेच्या २९७ मध्ये येतं. ‘सगळेच करतात’ हे ठाण्यात चालत नाही. खाण्याच्या स्टॉलवर घरचा १४.२ किलोचा सिलिंडर आणू देऊ नका, व्यावसायिक १९ किलोचाच लागतो. बाहेरचे विक्रेते असतील तर अन्नसुरक्षेची नोंदणी बघून घ्या. लहान विक्रेत्याला वर्षाला १०० रुपयांत ती मिळते, त्यामुळे नाही म्हणणाऱ्याचं कारण पैसा नसतं. थर्माकोलच्या ताटल्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे आणि पहिल्याच वेळचा दंड ५,००० रुपये. लाउडस्पीकरची परवानगी पोलिसांकडून आधी घ्या, रात्री दहाच्या आत बंद करा. प्रथमोपचार, पिण्याचं पाणी, कचऱ्याचे डबे, स्वयंसेवकांना बिल्ले, हे कुणीही सांगेल. स्वयंसेवकांना दुपारचं जेवण वेळेवर द्या एवढं माझं, कारण उपाशी बाई खिडकीवर सुटे पैसे चुकते.

आणि पाळण्यांचं एवढं कौतुक कशाला, हेही विचारा. आमच्या मेळ्यात सातवीच्या मुलींनी प्लास्टिकच्या बादलीत पाणी भरून तळाशी वाटी ठेवली होती. वरून रुपया टाकायचा, वाटीत पडला तर एक पेन्सिल. रुपया पाण्यात शिरला की तिरका तरंगत वाटीच्या कडेला घासून बाजूला पडतो. मोठी माणसं ईर्षेने परत परत टाकत होती, एक काका तर बाह्या सरसावून. त्यांचं रोजचं गणित चुकत होतं, आणि शाळेचं सरळ बसत होतं. खर्च पेन्सिलींचा. खर्च वजा जाता त्या बादलीने शाळेला आकाशपाळण्यापेक्षा जास्त पैसे दिले. हे मी ताळेबंदाच्या टिपेत लिहिलं होतं, छापताना ती टीप ‘जागेअभावी’ गळली.

दारं बसली, छत अजून गळतंय. यंदाच्या मेळ्याची बैठक लागली आहे असं कळलं. कुपनांवर नंबर टाकणार असाल आणि पाळणेवाल्याचा करार लिहून घेणार असाल तर कोषाध्यक्षपद पुन्हा घेते, असं मी लेखी कळवलं आहे. पोच मिळाली आहे. उत्तर नाही.